आबा सहाला कोपऱ्यावर उभे राहायचे

आमच्या गल्लीत रस्त्यावर कायमची गाडी लावणारा पहिला माणूस मीच होतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी लोकांशी तावातावानं भांडलो, तेव्हा कुणी ना कुणी हे माझ्या तोंडावर फेकायचंच.

आई गेली आणि आबा, म्हणजे माझे वडील, गावी एकटे पडले. फुलंब्री सोडून सिल्लोडच्या वाटेला लागलं की आमचं गाव. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. शिकून शहरात नोकरीला लागलेला मी पहिलाच, एका कॉलेजच्या ग्रंथालयात. आबांची मेंढरं धाकट्या भावानं सांभाळायला घेतली आणि मी आबांना इकडं आणलं. गुडघ्यांमुळं त्यांना जिना चढवत नव्हता. म्हणून खालच्या पोर्चला भिंत घातली, एक खिडकी काढली आणि त्यांची खोली केली. पोर्चमधली गाडी त्या दिवशी रस्त्यावर आली, ती तिथंच राहिली.

कारण प्रत्येकाकडं होतं. शेजाऱ्यांच्या पोर्चमध्ये सुनेचं ब्युटी पार्लर निघालं. समोर दोन भावांच्या दोन गाड्या झाल्या. कोपऱ्यावरच्या निवृत्त इंजिनिअर साहेबांच्या घरात जागा होती, पण आत-बाहेर करताना गाडी गेटला घासते म्हणून त्यांची ती मोठी पांढरी गाडी अगदी वळणावर, कडुनिंबाखाली उभी असायची. चार-पाच वर्षांत गल्लीच्या दोन्ही बाजू गाड्यांनी भरल्या आणि मधे एक रिक्षा कशीबशी निघेल एवढी फट उरली.

तरी ते चाललं असतं. पण गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्यावरच्या इमारतीत कोचिंग क्लास आला. संध्याकाळी सहाला बॅच सुटली की शंभरेक पोरं स्कूटी आणि मोटारसायकली काढायची आणि पुढचा सिग्नल टाळायला आमच्या गल्लीतून सुसाट जायची. साहेबांच्या गाडीमुळं वळणापलीकडचं काही दिसायचं नाही. वळणारालाही नाही आणि आतून येणारालाही नाही.

आमच्याच ओळीत एक निवृत्त शाळामास्तरीण राहायच्या. सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची. एका संध्याकाळी बाई दूध आणायला निघाल्या. दोन गाड्यांच्या मधून रस्त्यावर पाऊल टाकलं आणि वळणावरून आलेल्या मोटारसायकलीनं त्यांना उडवलं. आबा दारात खुर्ची टाकून बसले होते. सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत झालं. मी आतून धावत आलो तेव्हा बाई माझ्याच गाडीच्या चाकाला टेकून बसल्या होत्या, चप्पल कुठंतरी लांब. रडत नव्हत्या. "माझा पाय सरळ करू नका," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. ज्यानं उडवलं तो पोरगा सतरा-अठरा वर्षांचा, बाजूलाच उभा. त्याच्यावर ओरडायला गेलो आणि अर्ध्यातच थांबलो. दोन गाड्यांतली एक माझी होती.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं.

पुढच्या रविवारी जवळच्या बागेत सगळ्यांची बैठक झाली. सगळे कळवळून बोलले. स्पीड ब्रेकर पाहिजे, क्लासवर कारवाई पाहिजे, पोलीस पाहिजे. मी म्हणालो, "निदान वळणावरच्या दोन-तीन गाड्या आपणच हलवू." मग इंजिनिअर साहेब म्हणाले, "अहो, सुरुवात कुणी केली? तुमची गाडी तर सगळ्यांच्या आधीपासून आहे." शेवटी महापालिकेला आणि वाहतूक पोलिसांना अर्ज लिहायचं ठरलं आणि तो मलाच लिहायला लावला.

तो अर्ज घेऊन मी सात-आठ महिने फिरलो. एका कार्यालयात सांगायचे, रस्ता आमचा, पण वाहतूक आमची नाही. दुसऱ्यात सांगायचे, नो पार्किंगची पाटी नसेल तर गाडी कशी उचलणार? पाटी तेच लावतील. पहिल्यात परत गेलो की ज्यांच्याशी बोलणं झालेलं असायचं, त्यांची बदली झालेली. एकदा एक साहेब पाहणीला आले. सकाळी अकराला. गल्लीत कुत्रं फिरत नव्हतं. "इथं तर काहीच ट्रॅफिक नाही," म्हणाले आणि गेले. मी म्हणत होतो, साहेब, संध्याकाळी सहाला या. ते म्हणाले, सहाला ऑफिस सुटतं.

याच काळात आबांनी काय चालवलंय, याचा मला पत्ता नव्हता. मी घरी यायचो सातला. एकदा लवकर सुटलो, गल्लीच्या तोंडाशी आलो, तर कोपऱ्यावर धोतर, पटका, हातात आडवी काठी धरून आमचे आबा उभे. समोर दहा-बारा स्कूट्या थांबलेल्या. आतून कुणाची तरी सून लेकरू घेऊन येत होती. ती पार झाली तशी आबांनी काठी उचलली आणि तोंडानं मेंढरं हाकतात तसा आवाज काढला. पोरं हसत हसत, पण हळू निघाली. एक रिक्षावाला मागून ओरडला, "चचा, जाने दो ना, सवारी है!" आबा शांतपणे म्हणाले, "सवारीलाच जपतोय बाबा."

मला लाज वाटली. आज लिहिताना वाटतं, लाजेची गोष्ट ती नव्हती. पण तेव्हा वाटली.

घरी आल्यावर मी चिडून म्हणालो, "आबा, हे काय चालवलंय? कुणी उडवलं म्हंजे?"

"मला दिसतंय की येनारं."

"तुमचं काम आहे का ते?"

"मग कुनाचं हाय?" आबा म्हणाले. "जालन्याच्या अंगाला मेंढरं नेताना मोठा रस्ता लागायचा. आधी एक मानूस पुढं जाऊन उभा ऱ्हायचा, मग कळप. इथं तर लेकरं हायती, बाया हायती."

बायको आतून म्हणाली, "मामा महिन्याभरापासून उभे राहतात. मी सांगून थकले."

दोन कार्यालयांना आठ महिन्यांत जमलं नव्हतं ते आबांनी एका काठीवर केलं होतं, हे मलाही दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचं झालं. अर्जाची फाइल कपाटावर गेली.

सोय सगळ्यांचीच झाली. पार्लरच्या गिऱ्हाइकांना आबा गाडी मागं घ्यायला हात दाखवू लागले. क्लासवाल्यांनी दिवाळीला मिठाईचा पुडा दिला. मी पुन्हा एकदा कार्यालयात गेलो, तर तिथला लिपिक म्हणाला, "तुमच्याकडं माणूस उभा असतो ना आता? मग तक्रार काय राहिली?" मी त्याला सांगितलं की तो माणूस म्हणजे पंच्याहत्तरीचे माझे वडील आहेत. "चांगलंय की," तो म्हणाला, "तेवढाच त्यांचा वेळ जातो."

थंडीत आबांना न्युमोनिया झाला. चार दिवस दवाखान्यात, मग घरी अंथरुणावर. पाचव्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात इंजिनिअर साहेब. मला वाटलं, चौकशीला आले.

"बाबा दिसले नाहीत आज?" ते म्हणाले. "माझ्या गाडीचा आरसा तोडून गेलं कुणीतरी. बाबा असते तर झालं नसतं."

पोर्चच्या खोलीतून आबांचा खोकला ऐकू येत होता. मी इतक्या वर्षांत गल्लीत कुणावर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "ते माझे वडील आहेत, तुमच्या गाडीचे राखणदार नाहीत! बाईंचा पाय मोडला तेव्हा तुम्ही गाडी फूटभर सरकवली नाहीत आणि आता आरशासाठी दार वाजवताय?" बरंच बोललो. साहेब म्हणाले, "आधी स्वतःची गाडी बघा." आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी गाडी पाण्याच्या टाकीजवळच्या मोकळ्या मैदानात नेऊन लावली. घरापासून चालत दहा मिनिटं. बायको वैतागली, कारण किराण्याच्या पिशव्या तिलाच उचलाव्या लागणार होत्या. पण ती नको म्हणाली नाही. माझ्या जागेवर त्याच संध्याकाळी शेजाऱ्यांची दुसरी गाडी आली.

बाई तोवर वॉकर सोडून काठीवर आल्या होत्या. त्यांना हे सगळं कळलं. त्या स्वतः चालत साहेबांच्या दारात गेल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही, पण साहेबांनी गाडी आत घेतली. वळण मोकळं झालं. तीन आठवडे. मग क्लासला पोरांना सोडायला येणारे पालक तिथं गाड्या लावू लागले.

तेव्हा आम्ही चार-पाच घरांनी मिळून सिमेंटच्या मोठ्या कुंड्या आणल्या, त्यांत जास्वंद लावली आणि वळणावर ओळीनं ठेवल्या. गाडी लावायला जागाच उरली नाही. ज्यांना पाटी लावायला दीड वर्ष वेळ मिळाला नव्हता, त्यांचा ट्रॅक्टर चौथ्या दिवशी हजर झाला. "रस्त्यावर अतिक्रमण आहे," मुकादम म्हणाला. कुंड्या उचलल्या. एक पडून फुटली. मी माती आणि मोडलेलं झाड झाडूनं गोळा करत बसलो.

आबा बरे झाले, पण दम लागायचा. तरी एक दिवस काठी घेऊन निघाले. मी आडवा झालो. "आबा, नाय. आता बास."

"अन्‌ लेकरं?"

मी दार सोडलं नाही. ते काठी कोपऱ्यात ठेवून आत जाऊन पडले. पुढं दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

शेवट झाला तो आमच्यापैकी कुणाच्याही हातानं नाही. पुढच्या जूनमध्ये क्लासनं मोठी जागा घेतली आणि तो दुसऱ्या भागात गेला. गल्ली शांत झाली. गाड्या दोन्ही बाजूंना तशाच आहेत. बाई लंगडत चालतात आणि संध्याकाळी बाहेर पडत नाहीत. मी अजून मैदानातून चालत येतो.

मध्यंतरी गल्लीतल्या एका लग्नात जेवताना शेजारच्या टेबलावर इंजिनिअर साहेब पाहुण्यांना सांगत होते, "आमच्याकडं ट्रॅफिकचा मोठा त्रास होता. पण गल्लीत एकी आहे. सगळ्यांनी मिळून सोडवला." पाहुणे माना डोलवत होते. मी ताट तसंच ठेवून हात धुतले आणि घरी आलो. आबा जागे होते. "लवकर आला?" म्हणाले. मी म्हणालो, पोट बरं नाही.