तिसऱ्या पाण्याचे काका

आमच्या छकुलीच्या नाजूक कातडीचा समोरच्या काकांनी जितका विचार केला, तितका आम्हा जन्मदात्यांनीही केला नाही. आणि हे मी तिची आई असून लिहिते आहे. सत्तरचं दशक संपत आलं होतं. वाशीच्या नव्या वसाहतीत आमचं बिऱ्हाड नवं, नवरा रबाळ्याच्या कारखान्यात, सासर-माहेर दोन्ही जालन्याकडे, आणि मी दोन महिन्यांची मुलगी घेऊन नुकतीच माहेरून आलेली. समोरच्या दारात काका आणि काकू राहत. काका पन्नाशीचे, मूळचे कोकणातले, तळोज्याला रंगाच्या कारखान्यात कामाला. दोघांना मूलबाळ नव्हतं, पण बाळाच्या अंगाला काय लागावं आणि काय लागू नये, याबद्दल काकांची मतं पाच पोरांच्या बापासारखी ठाम होती.

आमची ओळखच मुळी लंगोटांवरून झाली. गॅलरीत वाळत घातलेला एक लंगोट त्यांनी नाकाशी नेला आणि दार वाजवून म्हणाले, “पोरी, यात साबण राहिलाय.” मी म्हटलं, दोन पाण्यांतून काढलाय. दुसऱ्या दिवशी काका कारखान्यातून लाल लिटमसच्या कागदाच्या पट्ट्या घेऊन आले. माझ्या बादलीतल्या शेवटच्या पाण्यात पट्टी बुडवली, ती निळसर झाली, म्हणजे साबणाचा क्षार अजून उरला होता, आणि काकांनी ती मला कोर्टातला पुरावा दाखवावा तशी दाखवली. त्या दिवसापासून लंगोटांना तिसरं पाणी लागू झालं. नळाला पाणी जेमतेम तासभर यायचं, म्हणून तिसऱ्या पाण्याची बादली काका स्वतःच्या घरून आणून आमच्या दाराशी ठेवत.

बाळाला बघायला येणाऱ्यांचीही तपासणी असे. अंगठी काढा, बांगड्या मागे सारा, हात कोपरापर्यंत धुवा. माझा दीर जालन्याहून रात्रभर प्रवास करून आला, तर काकांनी त्याला जिन्यातच अडवलं आणि दाढी करायला पाठवून दिलं. “खुंटांनी गाल सोलवटतात,” एवढंच कारण. इथे आल्यावर केलेल्या बारशाला माझ्या बहिणीने जरीकाठाचा फ्रॉक पाठवला होता. काकांनी आतून बोट फिरवलं, नाक मुरडलं आणि तो उलटा घालायला लावला. त्या दिवसाच्या फोटोत छकुलीच्या अंगावर सगळ्या शिवणी बाहेर आहेत आणि जरीचा काठ आत, तिच्या मऊ झबल्यावर टेकला आहे. अंग पुसायचं कसं, हे त्यांनी मला पिकलेल्या टोमॅटोवर शिकवलं. “घासायचं नाय. नुसतं टिपायचं. मानेखाली, काखेत, जांघेत, जिथे घडी तिथे.” गंमत म्हणजे एवढं सगळं करणारा हा माणूस बाळाला हात कधी लावत नसे. लांब उभं राहून सूचना देई. मला वाटायचं, भीती वाटत असेल.

मे महिन्यात सासूबाई आल्या. नातीवर त्यांचा जीव, आणि नात गोरी व्हावी ही मनापासून इच्छा. रोज सकाळी डाळीचं पीठ, हळद आणि साय मळून त्याचा गोळा त्या छकुलीच्या अंगावर फिरवू लागल्या. मला ते पटत नव्हतं, पण बोलायची हिंमत नव्हती. काका दोन दिवस बघत राहिले, मग यायचेच बंद झाले. फक्त पाण्याची बादली तेवढी दाराशी दिसे. आठवडाभरात छकुलीच्या मानेखालची आणि जांघेतली कातडी लाल झाली, मग ओली दिसू लागली. आंघोळीला घेतलं की ती किंचाळायची. सासूबाई म्हणत, “नाटकी हाय पोरगी. सवय होईल लेकराला.”

त्या सकाळी ती अशीच रडत असताना काका दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. सासूबाईंसमोर त्यांनी दोन्ही तळवे उघडे धरले. मी ते इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिले. बोटांच्या पेरांना चिरा, तळव्याची कातडी कोरड्या चिखलासारखी तडकलेली.

“आजी, मी कॉस्टिक सोड्याच्या पिंपाजवळ काम करतो,” ते म्हणाले. “साधं पाणी लागलं तरी झोंबतं. पण मला तोंड हाय, मी सांगू शकतो. तिने कसं सांगायचं?”

सासूबाईंनी हातातला गोळा खाली ठेवला. काकांचे हात निरखून पाहिले. मग मला म्हणाल्या, “चल, डॉक्टरकडं न्यायलाच पाहिजे हिला.”

डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं की साधं कोमट पाणी, घड्या कोरड्या, लंगोटाशिवाय जरा मोकळं ठेवा, दुसरं काही लावू नका. आठ दिवसांत कातडी भरून आली. त्या आठ दिवसांत सासूबाई टोमॅटो मागून घेऊन टिपायला शिकल्या. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी काकांना बोलावलं, खोबरेल कोमट केलं आणि, “ठेव इकडं हात,” म्हणत त्यांच्या तळव्यांना हलक्या बोटांनी चोळलं. काका शाळेतल्या मुलासारखे खाली मान घालून बसले होते. मग सासूबाईंनी आपलं जुनं, मऊ झालेलं लुगडं त्यांच्या हातांवर पसरलं आणि छकुलीला त्यावर ठेवलं. ती झोपली. काका तासभर हलले नाहीत. चहा आला, निवला, तरी नाही.

पुढे त्या हातांनी काम होईना, तेव्हा काकांनी नोकरी सोडली आणि दोघं गावी निघाली. छकुली तीन वर्षांची झाली होती. सामानाचा ट्रक खाली उभा होता. तिने काकांना हात हलवून टाटा केला आणि लगेच मैत्रिणींत खेळायला पळाली. मला ओशाळल्यासारखं झालं. म्हटलं, “काका, लहान आहे हो, तिला कळत नाही.”

काका तिच्याकडे बघत होते. म्हणाले, “बरं झालं, रडली नाय. या उन्हात गाल चुरचुरले असते तिचे.”

मग ते काकूंच्या शेजारी ट्रकमध्ये बसले. त्यांचे स्वतःचे गाल ओले होते, पण ते त्यांनी पुसले नाहीत.