एक्केचाळिसावी चाचणी

साहेबाने फिलोमिनाबाईंना फसवलं. आमच्या कुडाळच्या ऑफिसला काम देणाऱ्या शहरातल्या कंपनीचा हा साहेब. बाईंची एक्केचाळिसावी चाचणी त्याने यादीतून गुपचूप काढून टाकली आणि ठपका त्यांच्यावरच ठेवला.

मी या ऑफिसचा मालक, फोंडाघाटात काजू विकून वर आलेला माणूस. बाई सॉफ्टवेअर तपासायच्या नोकरीला आल्या तेव्हा नाताळच्या सुट्टीवरून मी घासाघीस केली. मी दोन दिवस म्हणालो. "शेठ, हो काय माशांचो बाजार? सात दिवस. नाय तर मी चललंय!" सात दिवस दिले.

यंत्रं एकमेकांशी ठरलेल्या नियमांनी बोलतात. आमचं सॉफ्टवेअर ते बोलणं वाचून चूक दाखवतं. त्यात दुरुस्ती झाली की आमची पोरं तेवढाच भाग तपासत. बाईंचे वडील मालवणात जाळी शिवायचे. त्या ओरडत, "एक भोक शिवलास? आता सगळां जाळां वाळूत पसर. शिवताना बाजूची गाठ सुटता!"

मग पूर्वी जिथे जिथे चुकलो होतो, ते प्रत्येक संभाषण त्यांनी अचूक उत्तरासकट साठवलं आणि संगणकच सगळं ताडून बघेल असं केलं. एका संभाषणाची एक चाचणी, अशा एक्केचाळीस झाल्या. सकाळी बटण दाबून त्या चहाला जात. परत येईपर्यंत पडद्यावर चाचण्यांच्या ओळी: बरोबर ती हिरवी, चुकली ती लाल.

एकदा एक्केचाळिसावी लाल आली. लांब निरोपाचं शेपूट आमचं सॉफ्टवेअर गिळत होतं. काम दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. मी बाईंवरच भडकलो.

"माझ्यार कित्याक बोंबलतस? मी फकत दाखवलंय."

साहेबाला कळवलं; आमची यादी त्यालाही उघडता येत असे. तो "बघतो" म्हणाला. सकाळी यादीत चाळीसच ओळी, सगळ्या हिरव्या. आम्ही बघेपर्यंत साहेबाने काम पुढे धाडलंही होतं. ग्राहकाकडे नेमकं तेच शेपूट तुटलं. साहेबाचं पत्र आलं: बाईंनी ही चाचणी केलीच नव्हती, त्यांना काढा, नाहीतर काम काढतो.

साहेबाला सुनवायला मी फोन उचलला. बाईंनी तो माझ्या हातातून घेतला. "हयसर पाच जणांची चूल पेटता. बस खाली." डबा पिशवीत घातला. "आधी ती चाचणी परत घाल." आणि नोकरी सोडून शिरोड्याला बहिणीकडे निघून गेल्या.

चाचणी परत घातली, चूक सुधारली, ओळ हिरवी झाली. मी फुशारकीने बाईंना फोन केला.

"बाकीची चाळीस बघितलंस मां?"

बघितली नव्हती. बघितली, तर सतरावी लाल.

साहेब, चाचणी कोणी काढली ते नाव आणि वेळ संगणकाच्या नोंदीत आहे. नाव तुमचं आहे. शिरोड्याला या आणि बाईंच्या समोर उभं राहून सांगा: ती ओळ का पुसलीत?