सुलोचनाबाईंची अधोली

सुलोचनाबाईंना कोणी काही मापून दिलं, की त्या आधी मापाच्या तोंडावरून तळहात फिरवायच्या. वर चढलेली शीग खाली पाडायच्या, ज्याची त्याला परत करायच्या आणि मगच माप रिकामं करून घ्यायच्या. मी त्यांच्या शाळेत रुजू झालो त्याच दिवशी हे पाहिलं. गावातले एक आबा तांदूळ घेऊन आले होते. शाळेच्या बाई म्हणून त्यांनी अधोली चांगली शिगोशीग भरली. बाईंनी हात फिरवला.

"आमच्या हातचं तुमास्नी चालत न्हाई का, बाई?" आबा रागावले.

"चालतं, आबा. पण मी अधोलीभर मागितलेत, अधोलीभरच घेणार."

आबा सांडलेले तांदूळ धोतराच्या सोग्यात गोळा करून पुटपुटत गेले. मला बाई तुसड्या वाटल्या. पुढे तीन वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, तरी त्यांच्याबद्दलचं माझं पहिलं मत चुकीचं होतं हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

आमची शाळा टाकवे बुद्रुकच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. एकोणीसशे साठ ते सत्तरच्या मधली गोष्ट. चार इयत्ता आणि दोन शिक्षक. त्या मुख्याध्यापक, मी सहायक. अर्धी मुलं गावातल्या शेतकऱ्यांची आणि अर्धी वरच्या ठाकरवाडीतली. बाई ठेंगण्या, पुण्याच्या, चालणं झपाझप. किलोची वजनं येऊन काही वर्षं झाली होती, तरी मोडीत निघालेली एक लोखंडी अधोली त्यांनी वर्गात खडूच्या डब्याशेजारी ठेवली होती. त्या अधोलीवर त्या गणितापासून भूगोलापर्यंत काहीही शिकवायच्या.

चैत्रात ठाकरवाडीतल्या बाया लोणच्यासाठी कच्ची करवंदं तोडून फाट्यावर आणायच्या. लोणावळ्याच्या एका शेठजींचा मुकादम ट्रक घेऊन यायचा. तो स्वतःच्या पाटीने मोजून घ्यायचा, पाटीवर शीग चढेपर्यंत. पुढे त्या करवंदांचं काय होतं हे वाडीत कोणाला ठाऊक नव्हतं. एकदा बाई लोणावळ्याला गेल्या आणि एका बंगल्याच्या माळ्याकडून शेठजींच्या लोणच्याची, इंग्रजी चिठ्ठी लावलेली रिकामी बाटली मागून घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी ती त्यांनी वर्गात फिरवली.

"ही बाटली विलायतेला जाते. आत काय असतं, सांगा बघू."

चौथीतल्या हौसाने झाकण उघडून वास घेतला. ही ठाकरवाडीची, काटक, फारशी न बोलणारी. "करवंद हाय, बाई. आमच्या डोंगराचं." मग जरा विचार करून म्हणाली, "आमची करवंदं बोटीत बसली? आमी अजून यस्टीतबी न्हाई बसलो."

वर्ग खदाखदा हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी खडूने जमिनीवर चार चौकोन काढले: डोंगर, लोणावळा, मुंबईचं बंदर आणि विलायत. ठाकरवाडीची मुलं डोंगरात बसवली. करवंदांऐवजी त्यांच्यापुढे चिंचोके ओतले. पाटलांच्या शंकरच्या हातात अधोली देऊन त्याला लोणावळ्यात बसवलं. शंकरने डोंगरातून घेताना अधोली शिगोशीग भरली आणि पुढे बंदरावर देताना हात फिरवून सपाट केली. त्याला हे कोणी शिकवलेलं नव्हतं, मोठ्यांचं पाहून आलं होतं.

"मग वरची शीग कुठे गेली?" बाईंनी विचारलं. लगेच त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून आसामातले चहाचे मळे दाखवले, आफ्रिकेतला कोको दाखवला. "इथेही एखादी हौसा टोपली घेऊन उभी असते. माल तिचा असतो. माप कोणाच्या हातात आहे, तेवढं बघा."

शंकर डोकं खाजवत होता. "बाई, च्या तर आमीबी पितो. मंग त्यांची शीग आमीच खाल्ली का?"

"थोडी तू खाल्लीस, थोडी मी."

आठनऊ वर्षांच्या पोरांना असं काही सांगावं का, असं मला पलीकडच्या वर्गातून वाटत होतं. तेवढ्यात हौसा उभी राहिली.

"बाई, मी घरीबी डोंगरातच ऱ्हाते. हितं खेळातबी मला डोंगरातच का बशिवलं? माप शंकऱ्यालाच का दिलं?"

आता ही मार खाते, असं मला वाटलं. बाईंनी पाटलाच्या पोराच्या हातातल्या मापाकडे पाहिलं. "चुकलं माझं," त्या सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या आणि अधोली हौसाकडे दिली. हौसाने घेताना तळहात फिरवला, देतानाही फिरवला. "घेताना ह्योच हात, देताना ह्योच हात," ती म्हणाली. बाईंनी हे सगळ्या वर्गाकडून तीनदा म्हणवून घेतलं. पुढे दुपारी मुलांना दुधाच्या भुकटीचं दूध वाटताना माझी पळी कुठे कमीजास्त झाली, की त्या मागून म्हणायच्या, "गुरुजी, ह्योच हात."

पंधरा दिवसांनी फाट्यावर मुकादम पाटी भरत असताना हौसा पुढे झाली आणि तिने पाटीवरून हात फिरवला. शीग खाली पडली. मुकादमाने पाटी उपडी केली, "कुनाचाच माल घ्येनार न्हाई," म्हणाला आणि रिकामा ट्रक घेऊन निघून गेला. दुसऱ्या दिवशी ठाकरवाडीचं एकही मूल शाळेत आलं नाही. दुपारी हौसाची आई गंगूमावशी दारात येऊन उभी राहिली.

"साळंत हेच शिकवता का वो बाई? दोन दिसांत समदं मऊ पडंल. साऱ्या वाडीचं नुस्कान झालं. पोरगी आता येनार न्हाई. गुरं राखंल."

मावशी गेल्यावर मी शहाणपणा केला. म्हटलं, "मुलीला मुकादमाची माफी मागायला सांगा, मिटून जाईल."

"कशाची माफी? तिने पाटी सपाट केली. शिकवलं मी, तिने करून दाखवलं. आता माझी पाळी."

त्यांनी रजेचा अर्ज लिहून माझ्या हातात दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः एक पाटी डोक्यावर घेऊन वाडीतल्या बायांबरोबर कान्हे स्टेशनकडे निघाल्या. "गुरुजी, येता का? एक पाटी जास्त आहे." मी शाळा कोण सांभाळणार म्हणालो. खरं कारण ते नव्हतं. बाजारात पाटी घेऊन बसायची मला लाज वाटली. आज त्या लाजेचीच लाज वाटते.

लोणावळ्याच्या बाजारात बाई अधोली घेऊन बसल्या आणि "लोणच्याची करवंदं!" म्हणून वर्गातल्या आवाजात ओरडल्या. हे मला नंतर गंगूमावशीने पदर तोंडाला लावून, हसत सांगितलं. बंगल्यातल्या एक बाई म्हणाल्या, वर थोडी घाला की. आमच्या बाईंनी मावशीकडे बोट दाखवलं. "माल ह्यांचा आहे. ह्यांना विचारा." मावशीला त्या दिवसापर्यंत असं कोणी काही विचारलं नव्हतं.

दोन दिवस त्या अशा गेल्या. थोडा माल मऊ पडून वायाही गेला. तिसऱ्या दिवशी मुकादम फाट्यावर परत आला. बोटीवर जायचा माल अडला होता, बाटल्या रिकाम्या पडल्या होत्या. त्याने कोणाकडे न बघता पाटी भरली आणि स्वतःच वरून हात फिरवला. सोमवारी हौसा शाळेत आपल्या जागेवर येऊन बसली.

शेठजी मात्र विसरले नाहीत. मुख्याध्यापक बाई भर बाजारात करवंदं विकतात, हे शिक्षिकेला शोभत नाही, असा अर्ज वर गेला. मेच्या सुट्टीआधी बदलीचा हुकूम आला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. मी चिडलो, आपण लढू म्हणालो. माझं शौर्य नेहमीच असं उशिरा जागं व्हायचं. बाईंनी कागदाची घडी घातली. "तिकडेही पोरं असतीलच की. नकाशा तिथेही असेल. अधोली हौसाला द्या."

त्या निघाल्या त्या दिवशी डोंगरावरची करवंदं काळीभोर पिकली होती. गाडी फाट्यावर उभी राहिली आणि गंगूमावशी हौसाबरोबर धापा टाकत आली. तिच्या हातात शाळेची तीच अधोली होती, पिकल्या करवंदांची शिगोशीग भरलेली. बाईंचा हात सवयीने मापाकडे गेला. मावशीने त्यांचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या, बाई. ही शीग कुनी घेतल्याली न्हाई. आमी दिलीया."

कंडक्टर घंटी मारत होता. बाईंचे डोळे भरून आले होते, आणि मी ते पहिल्यांदाच पाहत होतो. मग त्यांनी हात मागे घेतला आणि पदर पसरला.