क्लार्कनवेल ते ट्रॅफल्गर : तुर्की डाव्यांच्या फलकाखाली

२००६ साली एक मे नेमका बँक हॉलिडेच्या सोमवारी आला आणि आमच्या घरात मतभेद झाला. नवऱ्याला, अनिरुद्धला, वॉटफर्डला मंडळाच्या महाराष्ट्र दिनाला जायचे होते. मला लंडनच्या मे दिनाच्या मोर्चाला. रीडिंगच्या ऑफिसातील माझी मैत्रीण आयशे सांगत असे, की तुर्कस्तानातले जितके क्रांतिकारी डावे गट या मोर्चात एका रस्त्यावर दिसतात, तितके इस्तंबूलमध्येही सुखाने दिसत नाहीत. राज्यशास्त्रात एम.ए. करूनही मला या गटांची वंशावळ धड मांडता येत नव्हती, आणि ते मला खुपत होते.

"व्हिसा एक्स्टेन्शनचे पेपर्स सरकारदरबारी पडलेत आणि तू क्रांती करायला निघालीस?" अनिरुद्ध म्हणाला.

"बघायला चाललेय. तू पुरणपोळी खा."

जाणाऱ्यांसाठी : रीडिंगहून पॅडिंग्टन आणि तिथून अंडरग्राउंडने फॅरिंग्डन. डे ट्रॅव्हलकार्ड काढावे. पंधरा पौंडांच्या आसपास पडते आणि बसलाही चालते. सुटी तिकिटे काढणे हा शुद्ध आळशीपणा आहे. बँक हॉलिडेला रुळांची कामे हमखास निघतात, म्हणून तासभर हाताशी ठेवावा. फॅरिंग्डनहून क्लार्कनवेल ग्रीन पाच मिनिटांवर. मोर्चा दुपारी निघतो.

चौकात पोहोचले तेव्हा लाल रंगाशिवाय काही दिसत नव्हते. ब्रिटिश युनियनवाले बँड घेऊन पुढे होते. त्यांचा ताल यथातथाच. मागे तुर्की गट. फलक वाचण्याची किल्ली आयशेने दिली : डोकी मोजायची. तीन डोकी म्हणजे दोन दाढीवाले जर्मन आणि एक टकलू रशियन. चौथे मिशांचे. पाचवे, गोल चेहऱ्याचे, चीनचे. काहींच्या फलकांवर यांपैकी कोणीच नव्हते; होती सत्तरच्या दशकाच्या आरंभी फासावर गेलेली विशीतली तुर्की मुले. ते चेहरे मला फार वेळ बघवले नाहीत. एके काळी कोणी मॉस्कोकडे बघे, कोणी पेकिंगकडे, कोणी चक्क अल्बेनियाकडे. १९८०च्या लष्करी उठावानंतर यांतले बरेच जण लंडनकडे आले. अजूनही दोन गटांमध्ये दहा पावले रस्ता मोकळा ठेवतात, कोणी आपल्याला शेजारचे समजू नये म्हणून.

आयशेचे वडील जेमालकाका सत्तरीचे, हॅकनीतल्या कोटांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले शिंपी. टायची गाठ निर्दोष. त्यांच्या दिवंगत पत्नीने शिवलेला पाच डोक्यांचा फलक दोन काठ्यांना बांधलेला होता. टाके मी जवळून पाहिले. दोष सापडला नाही.

"पुढचा गट तुमचाच ना? त्यांचीही डोकी पाचच आहेत," मी आत्मविश्वासाने म्हणाले.

आयशे कुजबुजली, "मेधा, तू आत्ता त्यांना शिवी दिलीस."

मग उलगडा झाला. एकच संघटना सत्तरच्या दशकात फुटली होती : क्रांती खेड्यातल्या शेतकऱ्यापासून सुरू व्हायची की शहरातल्या कामगारापासून? काका कामगारवाले. पुढचा गट शेतकरीवाल्यांचा; त्यांचा म्होरक्या रिझा, काकांबरोबर एकाच कोठडीत दोन वर्षे काढलेला माणूस.

"खेड्यांनी शहरांना वेढा घालायचा म्हणतो," काका म्हणाले, "आणि एन्फिल्डमध्ये फिश अँड चिप्स तळतो."

अडचण खरी पुढेच होती. लंडनमध्ये काकांच्या गटात माणसे उरली होती दोन. दुसऱ्याचे गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते आणि स्वतः काकांची बायपास. काही उचलायला डॉक्टरांची सक्त मनाई. "फलक ट्रॅफल्गरपर्यंत गेला नाही," काका शांतपणे म्हणाले, "तर आमची संघटना संपली असे ते त्यांच्या मासिकात छापतील. आणि खोटेही नसेल ते."

एक काठी आयशेने घेतली. दुसरी कोण घेणार? दुसऱ्या गटातले कोणी तिला हात लावणार नव्हते. व्हिसाचे पेपर्स क्षणभर डोळ्यांपुढे आले. मी काठी घेतली.

थिओबाल्ड्स रोडपर्यंत मी ती ओळंब्यात धरली होती. किंग्जवेला वळलो आणि वाऱ्याने फलकाचे शीड केले. काठी कलली, मी दोन पावले फरफटत गेले, आणि काका धावले.

"बाबा, हात लावायचा नाही!" आयशे किंचाळली.

त्यांनी हात लावलाच असता. पण त्याआधी ती दहा पावलांची मोकळी जागा ओलांडून एक जाडजूड माणूस मागे आला आणि त्याने माझ्या हातातली काठी काढून घेतली.

"सिग्नलपर्यंतच," रिझा म्हणाला.

"तुला कोणी बोलावले?"

"वाऱ्याने. तू मेलास तर मी भांडू कोणाशी?"

सिग्नल आला, गेला. मग सुरू झाले! तुर्कस्तान अर्धसरंजामी की भांडवलशाही, कोणाचा ठराव कोणी लपवला, कोठडीत कोणाची सिगारेट कोणी ओढली. आयशे हसत हसत भाषांतर करत होती. ऑल्डविच, स्ट्रँड, दोघांनाही उसंत नव्हती. ट्रॅफल्गर स्क्वेअरला फलक ताठ उभा राहिला तेव्हा काकांनी रुमालाने चष्मा पुसला, दोनदा. रिझा मात्र तोंड फिरवून उभा होता. फोटोत फक्त त्याची पाठ आली आहे.

तिथून २९ नंबरची जोडबस थेट ग्रीन लेन्सच्या तुर्की वस्तीत नेते. कोणत्याही लोकांतात, म्हणजे तिथल्या खाणावळीत, मसूर डाळीचे सूप मागवावे. अडीच पौंडांत लिंबू आणि गरम पाव हवा तेवढा. आपल्या आमटीला फोडणीची श्रीमंती आहे, तरी हे सूप मी दोनदा घेतले. दोन्ही म्हातारे वेगवेगळ्या टेबलांवर बसले आणि भांडण मधल्या टेबलावरून, म्हणजे आमच्या, चालू राहिले.

रीडिंगला परतल्यावर वंशावळीचा तक्ता काढला. चौकोन बरोबर होते. बाण कोणत्या दिशेने काढावेत हे मात्र मला आता नक्की सांगता येणार नाही, आणि आश्चर्य म्हणजे त्याचा त्रासही होत नाही.

मंगळवारी ऑफिसात आयशेने सांगितले, की फलकाचे कापड बाबांनी घरी आणले; एक काठी रिझा न विचारता घेऊन गेला. बाबा म्हणतात ही सरळ जप्ती आहे.

"मग नवी काठी घ्या की," मी म्हणाले.

"मीही तेच म्हटले. ऐकायलाच तयार नाहीत."