टीटीकाकांचा कोटा

टीटीकाकांना खेळता येत नव्हतं. साधी सापशिडीसुद्धा धड नाही. फासा टाकायचे आणि बिनदिक्कत दुसऱ्याचीच सोंगटी पुढे सरकवायचे. आणि हाच माणूस आमचा खेळमेळा चालवायचा! बनारसच्या कडाक्याच्या थंडीत दोन दिवस माणसं टेबलाटेबलावर बसून डोकं फुटेपर्यंत बोर्डगेम खेळायची, तो सगळा कारभार यांच्या हातात. "मला खेळ काय कळणार, सुलू? मला फक्त माणसं बसवता येतात," म्हणायचे. रेल्वेतला जुना काळा कोट घालून बसवायचे, आणि काय तो रुबाब!

तुमच्याकडे टीसी म्हणतात, आमच्याकडे टीटी. गाडीत तिकिटं तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर माणूस गप्प घरी बसेल तर शपथ. गल्लीतली कॉलेजची पोरं खेळांची खोकी घेऊन जागा शोधत फिरत होती, यांनी त्यांना ब्रह्माघाटाजवळच्या आमच्या मराठी धर्मशाळेचा हॉल मिळवून दिला, आणि बघता बघता मेळ्याचे मालकच झाले. मी शाळेत गणित शिकवते, म्हणून नावं घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

त्यांच्या डोक्यात मेळा म्हणजे रेल्वेच. प्रत्येक खेळाची वेळ ठरलेली, टेबल ठरलेलं, शिकवणारा ठरलेला. त्या टेबलाला ते डबा म्हणत आणि खुर्चीला बर्थ. लोकांनी आधी फोन करून नाव द्यायचं, सकाळी दारावर चार्ट लागायचा. चार्टात नाव आहे आणि तुम्ही वेळेवर आला नाहीत, तर तुमची जागा वेटिंगवाल्याला. एकदा एक वकीलसाहेब चहा पीत पीत उशिरा आले आणि वाद घालायला लागले. काका शांतपणे म्हणाले, "भाईसाब, गाडी छूट गई. पुढची जेवणानंतर." धुक्यापायी स्टेशनात गाड्या दिवसदिवसभर रखडायच्या, पण काकांचं टेबल कधी लेट झालं नाही.

आरएसी तर त्यांनी कहरच केला. माणसं जास्त झाली की दोघांना एकच बर्थ, म्हणजे एकाच हातातले पत्ते दोघांनी मिळून खेळायचे. एके वर्षी आमच्या गल्लीतल्या दोन जावा अशा एकत्र आल्या. त्यांचा अबोला इतका जुना की कारण त्यांनाही आठवत नसावं. मी काकांच्या कानाशी लागून म्हटलं, "अहो, रामायण घडेल!" ते म्हणाले, "पत्ते लपवायचे असतील तर कुजबुजावं लागतंच." आणि खरंच, खेळ संपेपर्यंत दोघी एकमेकींच्या कानात बोलत होत्या. घरी जातानाही बोलत गेल्या.

आमचं भांडण व्हायचं ते कोट्यावरून. प्रत्येक टेबलावरची एक जागा ते चार्टात भरूच देत नसत. तिथे नुसतं 'कोटा' लिहायचं. वेटिंगवर पोरं ताटकळत उभी आणि इकडे खुर्च्या मोकळ्या! माझं डोकंच फिरायचं. एकदा तावातावानं विचारलं, "काका, हा कोटा आहे तरी कुणाचा? कोण लाटसाहेब येणार आहेत?"

"ज्यानं रिझर्वेशन केलेलं नसतं आणि तरी प्रवास करावाच लागतो, त्याचा," ते म्हणाले. मग कोटाच्या खिशात हात घालून खिडकीबाहेर बघत बोलले, "काशीच्या गाडीत मांडीवर अस्थी घेऊन येतात गं माणसं. शेजारी बसायला कुणी तयार नसतं. रात्रभर दरवाज्याशी उभी. डबा भरलेला, मी तरी कुठून जागा देणार? आता माझ्या हातात डबे आहेत."

मग मला दिसायला लागलं. धर्मशाळेत उतरणारी निम्मी माणसं तीच होती. विधी सकाळी उरकतात, गुरुजी दक्षिणा घेऊन जातात, आणि मग अख्खी दुपार खायला उठते. नवं शहर, हिंदी धड येत नाही, आणि गेलेलं माणूस डोळ्यांपुढून हलत नाही. अशी माणसं हॉलच्या दाराशी रेंगाळायची, पोरांचा गलका ऐकत. काका कोट सावरत पुढे व्हायचे आणि विचारायचे, "एकटेच? एक बर्थ आहे." कोण गेलं, कसं गेलं, एक अक्षर नाही.

नांदेडकडचे एक गृहस्थ मला विसरता येत नाहीत. मुंडन केलेलं, अंगावर नवा कोरा सदरा, घडीच्या रेघांसकट. एकुलता एक मुलगा गेला होता, हे मला मागाहून कळलं. काकांनी त्यांना कॉलेजच्या पोरांमध्ये बसवलं. टेबलाचा म्होरक्या होता अंकित, अस्सल बनारसी, मराठीचा गंध नाही. त्यानं खाणाखुणा करून खेळ शिकवला. गृहस्थ खेळायला लागले, चांगले खेळले, एकदा तर अंकितची वाट अडवून हसलेसुद्धा. आणि हसता हसता जे रडायला लागले! डोकं टेबलावर टेकून, मोठ्यानं. पोरांचे चेहरे पांढरे पडले. मी पाणी आणायला धावले. काका जागचे हलले नाहीत. खुर्चीमागे उभे राहून हळूच म्हणाले, "पाहुणे, चाल तुमची आहे."

मला वाटलं, काय हा दगड माणूस! पण गृहस्थांनी नाक पुसलं, डोकं वर केलं आणि चाल केली. खेळ पुरा करूनच उठले. जाताना त्यांनी काकांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. नंतर अंकितनं मला विचारलं, "मॅडम, चाचा क्या बोले थे?" मी अर्थ सांगितला. तो ते वाक्य दिवसभर पुटपुटत होता.

धर्मशाळेच्या सेक्रेटरींपर्यंत ही गोष्ट गेलीच. हॉलच्या कोपऱ्यात गणपतीचा देव्हारा होता. सेक्रेटरी कडाडले, "सुतकातली माणसं देवासमोर बसून खिदळतात, हे चालायचं नाही!"

"खिदळले नाहीत हो," काका म्हणाले. "एकदा हसले."

"कोटा बंद करा, नाहीतर हॉल सोडा."

मी काकांना बाजूला घेऊन विनवलं. म्हटलं, "हो म्हणून टाका, पुढचं पुढे." मेळा म्हणजे त्या हॉलवर चाललेला, तो गेला तर सगळंच जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. काकांनी चार्ट दारावरून काढला, घडी करून कोटाच्या खिशात ठेवला. म्हणाले, "प्लॅटफॉर्म बदलला, सुलू. गाडी रद्द नाही."

मेळा त्यांच्या घरी आला. गल्लीच्या टोकाला तळमजल्यावरच्या दोन खोल्या, त्यात टेबलं कोंबलेली. निम्मी माणसं गळाली. मराठी घरं तशीही कमी होत चालली होती. मुलं पुण्याला, बंगळुरूला. आणि काकांना धाप लागायला लागली. फुप्फुसं गेली आहेत, डॉक्टरांनी सरळच सांगितलं. पुण्याहून त्यांची मुलगी मंजू नोकरी टाकून आली. बायको केव्हाच गेलेली; बापलेकच एकमेकांना. नाकात ऑक्सिजनची नळी, आणि हा गडी पलंगावरून मला फोन करून टेबलं लावतोय! या वर्षी नावंच इतकी थोडी आली की मी म्हटलं, "काका, कोटा काढून टाकू या का? नाहीतर टेबलं पुरी होत नाहीत."

"कोट्याला हात लावायचा नाही," ते धापा टाकत म्हणाले. "मी मेलो तरी."

आणि चार्ट पुरा झाला त्याच आठवड्यात, मेळा तोंडावर आलेला असताना, ते गेले. मंजूनंच अग्नी दिला. घाटावरचे काहीजण कुरकुरले, तिनं ऐकून घेतलं आणि पुढे झाली. घरी येऊन कोपऱ्यात दिवा लावला आणि त्याच्याशेजारी चटईवर बसली ती बसलीच. माझा फोन वाजायला लागला. मेळा रद्द ना? सुतकाच्या घरी खेळायला कसं यायचं? तिथलं पाणी तरी कसं प्यायचं? मी मंजूला विचारलं तर म्हणाली, "सुलूताई, मला काही विचारू नका."

मग मी कुणालाच विचारलं नाही. ठरल्या दिवशी सकाळी काकांच्या दारावर चार्ट लावला. चहा कोपऱ्यावरच्या टपरीतून किटलीत भरून आणला. टेबलं पुसली. आणि वाट बघत बसले. काकांच्या जिवावर वर्षानुवर्षं ज्यांनी मजा मारली, त्यांच्यातलं काळं कुत्रंही फिरकलं नाही. निदान येऊन चार शब्द तरी बोलायचे होते! मला इतका संताप आला की चार्ट टराटरा फाडावासा वाटला. तेवढ्यात धुक्यातून अंकित आला, मफलर गुंडाळून, बरोबर त्याचे दोन दोस्त. आता नोकरीला लागला होता, पण वेळेवर आला. चपला काढल्या, दिव्याला नमस्कार केला आणि आपल्या टेबलावर जाऊन बसला. एवढं एकच टेबल लागलं.

खोकं उघडल्याचा आवाज ऐकून मंजू आतल्या दाराशी आली. केस विसकटलेले, अंगावर बापाची शाल. ती आत येईना आणि मागेही फिरेना. असं दाराशी रेंगाळणारं माणूस मी किती पाहिलं होतं! मी उठले. काकांसारखं सहज म्हणायचं होतं, तसं जमलं नाही. कसंबसं म्हटलं, "एकटीच? एक बर्थ आहे."

तिनं शाल सावरली. मग येऊन कोट्याच्या खुर्चीवर बसली.

अंकितनं खेळ समजावला. तिनं किती ऐकलं कोण जाणे. एक फेरी झाली, दुसरी झाली. मग तिची नजर खुंटीवरच्या काळ्या कोटावर गेली आणि हातातला फासा हातातच राहिला. खांदे हलायला लागले. दोस्तांनी माना खाली घातल्या. मी पदर तोंडावर धरला. अंकित तेवढा सरळ बसून होता. त्याला मराठीतलं एकच वाक्य येतं.

"ताई," तो हळूच म्हणाला, "चाल तुमची आहे."

मंजूनं शालीनं डोळे पुसले, फासा टाकला आणि सोंगटी पुढे सरकवली. अंकितची. त्यानं ती तिथेच राहू दिली.