शकूर मिस्त्रीची सही

महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी मी खामगावात रंगरावांच्या ट्रान्सपोर्टमध्ये कारकून म्हणून लागलो. आठ डिझेल गाड्या होत्या. कापसाच्या जिनातल्या रुईच्या गाठी अकोल्याकडे जायच्या, सरकीची ढेप बुलढाणा-चिखलीकडे. आठही गाड्यांची इंजिनं एकाच माणसाच्या हाताखाली होती. तो शकूर मिस्त्री.

तेव्हा तो चाळिशीचा असेल. सडपातळ, थोडा वाकलेला, बोलायला कमी. लढाईच्या काळात कामठीला मिलिटरीच्या वर्कशॉपात तो इंजिनाचं काम शिकला होता. स्वतःची सही सोडून त्याला लिहिता येत नव्हतं, पण चालत्या इंजिनाला कान लावून तो कुठलं बेअरिंग ढिलं झालंय ते सांगायचा आणि खोलल्यावर तेच निघायचं. गॅरेजच्या मागे मालकांनी दिलेल्या खोलीत तो आणि त्याची बायको गौसिया राहायचे.

आमच्या भागातली धूळ इंजिनाचा जीव घ्यायची. उन्हाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यांवरून गाडी आली की बॉनेटखाली बोटभर माती निघायची. त्यात डिझेलची काजळी. इंजिनाचा मूळ फिल्टर मोठा कचरा अडवायचा, बारीक कचरा ऑइलबरोबर फिरत राहायचा आणि बेअरिंग खायचा. वर्षाला दोन-तीन इंजिनं उघडावी लागत. रंगराव वैतागले. मूळ फिल्टरच्या जोडीला आणखी एक बसवतात असं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी शकूरला सांगितलं, कोणता चांगला ते शोध आणि मला सांग.

शकूरने हे काम मनावर घेतलं. मिलिटरीने डिस्पोजलमध्ये, म्हणजे जुन्या मालाच्या विक्रीत, काढलेला एक फिल्टर त्याने अकोल्याच्या भंगारवाल्याकडून आणला. पत्र्याचा डबा, आत घट्ट भरलेला सुती धागा. इंजिनातून एक बारीक नळी त्यात जायची आणि तिच्या तोंडाशी सुईएवढं भोक. म्हणजे सगळं ऑइल त्यातून जायचंच नाही. थोडंथोडं जायचं, गाळून परत खालच्या चेंबरमध्ये पडायचं. डबा तुंबला तरी इंजिनाचं काही बिघडत नव्हतं. बेअरिंगचं ऑइल आपल्या वाटेने जातच राहायचं.

तो डबा त्याने एका गाडीला लावला. शेजारची दुसरी गाडी तशीच ठेवली. दर पंधरा दिवसांनी दोन्ही गाड्यांच्या ऑइलचा एकेक थेंब तो टीपकागदावर सोडायचा. साध्या गाडीचा डाग डांबरासारखा उमटायचा. डबा लावलेल्या गाडीचा फिकट, कडेला पिवळसर. गौसिया उर्दू चौथी शिकलेली होती. प्रत्येक कागदावर तारीख, गाडीचा नंबर आणि किती मैल झाले ते ती लिहायची. दसऱ्यापासून चैतापर्यंत हे चाललं. तेवढ्या काळात साध्या गाडीचं इंजिन उघडावं लागलं, डब्याच्या गाडीचं नाही.

चैतात रंगरावांचे मेहुणे दयाराम अकोल्याहून आले. त्यांनी मोटारीच्या सामानाची नवी एजन्सी घेतली होती. सोबत एक विक्रेता आणि एक चकचकीत फिल्टर. विक्रेत्याने ऑफिसात टेबलावर काचेचं भांडं मांडलं, वरून काळं ऑइल ओतलं, खालून मधासारखं पडलं. मालक खूश झाले. या फिल्टरमधून सगळंच्या सगळं ऑइल जायचं आणि मगच ते बेअरिंगला मिळायचं.

शकूर दाराशी उभा राहून पाहत होता. त्याने एकच गोष्ट विचारली: हा तुंबला तर बेअरिंगला ऑइल कुठून जाईल? विक्रेत्याने आतली स्प्रिंग दाखवली. तुंबला की ही दबते, आडवाट उघडते आणि ऑइल न गाळताच पुढे जातं. शकूरने स्प्रिंग बोटाने दाबून पाहिली आणि म्हणाला, ही हलकी आहे, काजळीत चिकटेल. शिवाय ऑइलचा दाब दाखवणाऱ्या काट्याची नळी तुम्ही फिल्टरच्या आधी जोडता. फिल्टर तुंबला तरी काटा दाब बरोबर दाखवील आणि पुढे बेअरिंग कोरडं पडेल.

मग त्याने आपले टीपकागद आणून टेबलावर मांडले. दयारामांनी एक उचलला, उलटासुलटा केला आणि हसून म्हणाले, "हे तं आम्हाले वाचताच येत नाही मिस्त्री. यावर नमाज लिवली का हिसाब?"

रंगरावही हसले. खोटं कशाला सांगू, मीही हसलो.

सात गाड्यांना दयारामांचे फिल्टर बसवायचं ठरलं. आधी शकूरने डबा लावलेली गाडी तेवढी तशीच राहिली. दयारामांना एजन्सीसाठी एक प्रमाणपत्र हवं होतं: अनुभवी मिस्त्रीने हा फिल्टर तपासला असून तो घाटरस्त्यांवरील डिझेल गाड्यांना सर्वस्वी योग्य आहे. तो मजकूर मी लिहिला. सुवाच्य अक्षरात, दोनदा खोडून. शकूरला बोलावलं आणि वाचून दाखवलं. त्याने टाकाला हात लावला नाही. रंगराव रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की खोलीचं छप्पर पावसाळ्याआधी शाकारून घ्यायचं आहे ना, आणि दुसरा मिस्त्री आला तर त्यालाही खोली लागेलच. शकूरने टाक घेतला आणि सही केली.

पावसाळा गेला, काही झालं नाही. माघाच्या थंडीत झालं.

मोतीराम ड्रायव्हर ढेपेची गाडी घेऊन पहाटे बुलढाण्याला निघाला. तो अमडापूरचा, सहा वर्षं आमच्याकडे होता. दारू नाही, घाई नाही. बोथा घाट चढताना इंजिन जाम झालं, आतला दांडा तुटून इंजिनाची बाजू फोडून बाहेर आला. भरलेली गाडी मागे घसरू लागली. ब्रेक पुरला नाही. मोतीरामने चाक फिरवून गाडी डोंगराच्या अंगावर घातली, म्हणून ती दरीत गेली नाही. पण केबिन दबली आणि त्याचा उजवा पाय आत सापडला. अकोल्याला तो गुडघ्याच्या वरून कापावा लागला.

अपघाताची तपासणी करायला विमा कंपनीचा सर्वेअर येणार होता. आदल्या दिवशी रंगरावांनी शकूरला आणि मला बसवून समजावलं. ड्रायव्हरने निघताना ऑइल पाहिलं नाही, कमी होतं, म्हणून इंजिन गेलं, असं सांगायचं; फिल्टरचं नाव काढायचं नाही. मोतीरामचं जे व्हायचं ते झालंच आहे; त्याला आपण वाऱ्यावर सोडणार नाही. शकूरने मान हलवली नाही, नाहीही म्हणाला नाही.

सर्वेअर आला तेव्हा शकूरने त्याच्यासमोर फिल्टर उघडला. आतला कागद डांबराच्या गोळ्यासारखा झाला होता आणि स्प्रिंग काजळीत रुतून बसली होती. बाजू फुटून चेंबरमधलं ऑइल सगळं सांडलं होतं. पण त्या दिवशी गाडी निघताना आपण स्वतः ऑइल मोजायची कांडी घालून पाहिलं होतं आणि ऑइल पूर्ण होतं, हे त्याने सांगितलं. ड्रायव्हरची चूक नाही, म्हणाला.

रंगरावांचा चेहरा उतरला. दयाराम मात्र तयारीने आले होते. त्यांनी बॅगेतून प्रमाणपत्र काढून सर्वेअरपुढे ठेवलं.

"ही सही तुमची?" सर्वेअरने विचारलं.

"हाव," शकूर म्हणाला.

त्याने टीपकागदांचा गठ्ठाही पुढे केला होता. सर्वेअर सभ्य माणूस होता, दोन-चार कागद पाहिले, पण भाषा येत नाही म्हणून बाजूला ठेवले. गौसियाला बोलावून वाचून घ्यावं असं कुणालाच सुचलं नाही. मला सुचलं होतं. मी बोललो नाही.

अहवालात ड्रायव्हर निर्दोष ठरला. दोष मिस्त्रीवर आला: फिल्टर तपासून योग्य ठरवण्यात आणि बसवण्यात हयगय. आठ दिवसांत शकूरला खोली सोडावी लागली.

सामान हलवण्याआधी तो अमडापूरला मोतीरामला भेटायला गेला. मला सोबत चल म्हणाला. का म्हणाला ते मला आजही कळलेलं नाही. प्रमाणपत्र लिहिणाराही तिथे हजर असावा, एवढंच त्याच्या मनात असेल. मोतीराम ओसरीत बाजेवर बसला होता, पायावर घोंगडी. त्याची बायको सोजराबाई उंबऱ्यात उभी होती.

शकूरने काही आडपडदा ठेवला नाही. फिल्टर, स्प्रिंग, काटा, सही, सगळं सांगितलं.

सोजराबाईने विचारलं, "तुमाले मालूम होतं?"

"हाव, बाई."

"मंग सही काऊन केली?"

छपराचं कारण शकूरने सांगितलं नाही. ती आत निघून गेली. आम्हाला पाणी कुणी दिलं नाही.

मोतीराम सावकाश बोलला. "शकूरभाई, तुमी मले सांगतलं असतं तरी मी गाडी नेलीच असती. नौकरी होती. पण घाटात मले आवाज आला होता. खालून ठोका वाजून राह्यला होता. मी काट्याकडे पाह्यलं तं काटा बराबर. मले वाटलं, आपलाच कान खोटा. मालूम असतं तं मी काट्याले खोटं म्हटलं असतं. गाडी तिथंच उभी केली असती."

शकूर उठला. आम्ही बसने परतलो.

पुढे त्याने जळगाव जामोदला बसस्टँडजवळ टिनाचं शेड टाकलं. पंप, थ्रेशर, कधीमधी एखादी गाडी. हातचं कसब गेलं नव्हतं, पण मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी त्याला पुन्हा बोलावलं नाही; अहवालाची गोष्ट सगळीकडे पोहोचली होती. रंगरावांनी वर्षभरात सगळे चकचकीत फिल्टर काढून टाकले आणि बारीक नळीचे डबे बसवून घेतले. ते दयारामांच्याच एजन्सीतून आले. अकोल्याच्या मेहुण्यांनी नवीन पद्धत शोधून आणली असं ड्रायव्हर लोक सांगायचे आणि मी ऐकून घ्यायचो. मोतीरामला रंगरावांनी दोन महिने पगारावर ठेवलं, मग एका जिनाच्या फाटकावर चौकीदार म्हणून लावून दिलं.

शकूर काही वर्षांनी वारला. मी मातीला गेलो होतो. गौसियाने मला ओळखलं, बसा म्हणाली, चहा पाठवला. त्या टीपकागदांचं काय झालं ते मी विचारलं नाही. चहा पिऊन मी दुपारच्या बसने खामगावला परत आलो.