दोन चांगली पाती

नाव : आनंदराज नरसिंग सोनकांबळे. वय : सत्तेचाळीस. राहणार : देवणी, जिल्हा लातूर. व्यवसाय : पाण्याच्या मोटारी व पंप दुरुस्ती. जलवाहतुकीचा अनुभव : निरंक. शोध व बचाव कार्यातील प्रशिक्षण : निरंक. आपत्ती आराखड्यातील स्थान : निरंक. सदर इसमाने पूरपरिस्थितीत शासकीय बोटीच्या पंख्याची दोन सुस्थितीतील पाती सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीविना कापली, असे अभिलेखावरून दिसून येते.

अभिलेखावरून एवढंच दिसतं. बाकीचं मांजरेच्या काठावरून दिसत होतं.

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. पाणी रानात शिरलं आणि अर्ध्या किलोमीटरवर शेतातल्या घराच्या माळवदावर तिघं अडकली : गौरम्मा, तिची सून रेणुका आणि रेणुकाचं सहा महिन्यांचं लेकरू. घराचा कर्ता, रेणुकाचा नवरा महादेवप्पा पहाटे दूध घालायला देवणीला गेला होता, म्हणून अलीकडच्या काठावर राहिला. माळवद म्हणजे मातीचं धाबं. ते दोन दिवस पावसाचं पाणी पीत होतं, आणि भिजलेली माती किती जड होते हे खालच्या भिंतींना कळायला लागलं होतं.

नांदेडहून बोट आली. ती चालवणारा सोमेश गोदावरीवर मुरलेला होता. पण गोदावरीत कुंपणं नसतात. पाण्याखालच्या कुंपणाचा लोखंडी अँगल पंख्याला लागला आणि तीनपैकी एक पातं अर्ध्यातून गेलं. इंजिन चालू केलं की अख्खी बोट हीव भरल्यासारखी थडथडायची. वल्ह्यांवर जावं तर धार बोटीला सरळ कर्नाटकात नेणार, आणि आपला आराखडा तिथं लागू नाही.

नवा पंखा नांदेडहून निघाला होता. तोवर महादेवप्पाने मोटरसायकल काढली आणि ज्याने त्याची मोटार तीनदा दुरुस्त केली होती त्या माणसाला हत्यारांसकट मागे बसवून आणलं. आनंदराजने पंखा खोलून हातात फिरवला.

"ह्ये तर पंपातल्या पंख्याचं थोरलं भावंड हाय," तो म्हणाला. "बाकीची दोन कापावी लागतील."

नायब तहसीलदार सौदामिनी मॅडम तिथंच होत्या. बोट त्यांच्या सहीने उतरली होती. "मोडलंय एक. ते दुरुस्त करा. चांगली दोन कशाला कापता?"

"म्याडम, माणसाचा एक पाय आखूड झाला तर लंगडत चालतंय. ह्याला लंगडता येत न्हाई. तिन्ही सारखी पायजेत. मोडकं वाढवता येत न्हाई, मग चांगली कमी करायची."

"ती सरकारी आहेत हो."

"तिन्ही सरकारीच हायेत."

तेवढ्यात फोन आला : जळकोटच्या पुढं पुलावर पाणी आहे, नवा पंखा पुलापलीकडंच थांबलाय. मॅडमनी एकदा माळवदाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "मी वरिष्ठांना विचारते. इथं रेंज नाही, पलीकडे जाऊन लावते." रेंज होती ती इथंच, मॅडम गेल्या त्या बाजूला कधीच नसते. जाताना त्यांनी फाइल जीपच्या बॉनेटवर ठेवली. आनंदराजने तिचा पुठ्ठा काढून मोडक्या पात्याचा साचा कापला, तो चांगल्या पात्यांवर ठेवून खिळ्याने रेघ ओढली आणि करवत लावली.

लाइट नव्हती. सगळं हाताने. महादेवप्पाने पंखा धरला, पण मधेच करवतीला हात घालू लागला.

"अप्पा, तू कापून ऱ्हायला का मी? बाजूला हो."

"आनंदभाऊ, जल्दी करा हो!"

"जल्दीच करून राहिलो. जल्दीत वाकडं गेलं तर पुन्हा कापाया पातं उरणार न्हाई."

दुसरं पातं निम्मं झालं तेव्हा घराचा एक कोपरा पाण्यात बसला. आधी दिसला, आवाज मागून आला. माळवदावरच्या दोघी उरलेल्या भागाकडं सरकल्या. महादेवप्पा पाण्यात धावला. सोमेशने त्याला कमरेला धरून मागे ओढलं. काठावर एकटा आनंदराज तिकडं बघत नव्हता.

"पोचली का पलीकडं?" त्याने मान खाली ठेवूनच विचारलं.

"हाव," सोमेश म्हणाला.

कापून भागत नाही, तोलावंही लागतं. काठावर उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत त्याने दोन अँगल समांतर मांडले, अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवून पातळी बघितली, पंपाच्या जुन्या शाफ्टला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून पंखा त्यावर बसवला आणि बोटाने फिरवला. एक पातं खाली येऊन थांबलं. जड ते खाली येतं. कानस मारली. पुन्हा फिरवला; पुन्हा तेच खाली. पुन्हा कानस. चौथ्यांदा पंखा भलतीकडंच थांबला, पाचव्यांदा आणखी भलतीकडं; कुठलंच पातं आता जड उरलं नव्हतं. आनंदराजच्या धंद्यात याला बरं लक्षण म्हणतात.

"आता ओढ निम्मी राहील," तो सोमेशला म्हणाला. "लई रेस देऊ नको. नुसतं पाणी घुसळंल."

"वरल्या अंगानं जातो आन् धारेबरोबर उतरतो. पहिल्या बारीला न्हाई धरलं तर बघू."

पहिल्या बारीला नाही धरलं. बोट घराच्या चार हात अलीकडून वाहत खाली गेली, आणि रेणुकाने पुढं केलेलं लेकरू पुन्हा छातीशी घेतलं. सोमेशने बोट वळवली, इंजिन कण्हत कण्हत वर चढलं. तेवढं अंतर जायला अकरा मिनिटं लागली. दुसऱ्या बारीला त्याने माळवदावरच्या खुंटीला दोर टाकला. आधी लेकरू, मग रेणुका. गौरम्मा कन्नडमध्ये काहीतरी ओरडत उतरली; ते सोमेशला उद्देशून होतं आणि आशीर्वाद नव्हता. चार वाजून वीस मिनिटांनी तिघं काठावर होती. महादेवप्पाने लेकरू घेतलं आणि चिखलातच बसला. आनंदराज ट्रॉलीतल्या कानसी पुसत होता.

महिन्याने नोटीस आली. पर्यायी पंखा मार्गस्थ असताना व तो त्याच दिवशी प्राप्त झालेला असताना पाती कापण्याची निकड काय होती, याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा. आनंदराजने खुलाशात लिहिलं : एक मोडलं होतं म्हणून.

पर्यायी पंखा त्या दिवशी सहा वाजून दहा मिनिटांनी प्राप्त झाला. माळवद पावणेपाचला बसलं.